तिसरा आरसा

नव्या घराच्या दिवाणखान्यातील पूर्व भिंतीवरचा आरसा मंगळवारी सकाळी तडकलेला सापडला. त्याआधीचे दोन आरसेही त्याच जागी, मंगळवारी सकाळीच, तडकलेले सापडले होते. तिन्ही वेळा रात्रभर दिवाणखान्याला कुलूप होते आणि किल्ली मल्लप्पांच्या कमरेला होती.

सात रस्त्याजवळच्या त्या घरात आता एवढेच काम उरले होते. भिंतींना कंबरेपर्यंत सागवानी पाट्या बसल्या होत्या, त्यांच्या वरच्या भागाला फिकट पिस्त्याचा रंग लागला होता, छतातून दुधी काचेचे दिवे लोंबत होते. मुंबईहून आलेल्या कोचांवरची गोणपाटे अजून काढायची होती. गुरुवारी अक्कलकोटहून घराण्याचे गुरू अय्या येणार, त्यांची पादपूजा होणार, आणि मग भवानी पेठेतले बिऱ्हाड इकडे हलणार. पाहुण्यांना आमंत्रणे गेली होती. मल्लप्पांचा सुताचा व्यापार शहरात मार्शल लॉ लागला त्या सालीही बुडाला नव्हता. गिरणीच्या साहेबाला बोलावून बसवता येईल अशी एक खोली आपल्या घरात असावी, ही त्यांची इच्छा त्याआधीपासूनची होती.

"मालिक, हमारे हात का काम है, हम कायको झूट बोलेंगे?" महबूब मिस्त्री छातीवर हात ठेवून सांगत होते. "चारों बाजू बनात का कपडा भरे. इस्क्रू भी सैलच रखे. शंकरप्पा साब ने जैसा बोले वैसाच करे."

"तेच तर," मल्लप्पा म्हणाले. "तो बोलला तसंच केलं."

शंकरप्पा आरशापुढे गुडघे टेकून बसला होता. तो मल्लप्पांचा धाकटा भाऊ. पुण्यात शास्त्र शिकून आलेला आणि आता इथल्या एका शाळेत तेच शिकवणारा. तडा खालच्या कडेपासून निघाला होता. प्रथम चार बोटे अगदी सरळ, कडेशी काटकोन करून, आणि पुढे नदीसारखा वळत वर गेला होता. धक्का बसल्याची खूण कुठेही नव्हती.

"अण्णा, कुणी काही मारलेलं नाही. मारलं असतं तर एका बिंदूपासून चहूकडे तडे गेले असते. ही काच ताणली गेली आहे."

"कशानं?"

"ते अजून सांगता येत नाही."

"पहिल्या खेपेला सांगता आलं होतं. चौकट ओल्या लाकडाची म्हणालास, मी चौकट बदलली. दुसऱ्या खेपेला स्क्रू घट्ट म्हणालास, ते सैल केले. आता राहिलं काय? भिंत बदलू?"

दारापाशी मल्लप्पांची पत्नी बसम्मा पदर खोचून उभी होती. तिने आतापर्यंत मोठ्या कष्टाने तोंड बंद ठेवले होते.

"भिंत कशाला बदलायची? भिंतीम्होरं कोन बसतं ते बगा की."

खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्टुलावर उभी राहून, शंकरप्पाची पत्नी जगदेवी पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होती. तिचे हात थांबले.

"वैनी, काय म्हणायचं आहे ते नाव घेऊन म्हणा," शंकरप्पा उठत म्हणाला.

"म्या कुनाचं नाव घेतलं न्हाई."

"घ्यायचं राहिलं आहे का?"

"मग घेते!" बसम्मा आत आली. "सोमवारी सांजच्याला सासूबाईंसंगं टांग्यातनं हितं कोन येतं? हीच की. ह्याच खोलीत, ह्याच आरशाम्होरं, पडदं शिवत बसती. तिनी खेपेला सोमवारीच बसली हुती, आन् तिनी खेपेला मंगळवारी काच तडकल्याली. आरसा हितं लावा असं सांगितलं तेबी हिनंच. आन् दुधनीला तिचा पयला नवरा गेला त्यो वार कंचा, ते इचारा तिला."

महबूब मिस्त्रींनी पेटीतली हत्यारे उगाचच इकडची तिकडे केली. जगदेवी स्टुलावरून उतरली.

"सोमवारच हुता, अक्का," ती म्हणाली. "तापानं गेले. तितं आरसा नव्हता."

शंकरप्पाशी तिचा उडकी विवाह झाला, तेव्हा जातीतल्या कुणीही हरकत घेतली नव्हती. विधवेचा पुनर्विवाह या समाजाला नवा नव्हता. उलट मल्लप्पांनी त्याच वर्षी दुधनीच्या सभेत अध्यक्ष म्हणून या विषयावर भाषण केले होते आणि टाळ्या घेतल्या होत्या. घरात मात्र एक नेम ठरला. उडकीची सून देवघरात जात नाही आणि मंगलकार्यात पुढे उभी राहत नाही. नेम कुणी मोठ्याने सांगितला नव्हता. पहिल्याच सणाला बसम्माने भवानी पेठेतल्या देवघराच्या उंबऱ्यावर आडवा हात धरला, आणि तो हात त्या दिवसापासून कुणी खाली केला नाही.

मल्लप्पा खिडकीपाशी गेले. शकुन-अपशकुन आपण मानत नाही, असे ते स्वतःविषयी समजत. मात्र बाहेर अंगणात मांडवाचे बांबू रोवणारी माणसे कामे टाकून खिडकीकडे पाहत होती, हे त्यांना दिसत होते. संध्याकाळपर्यंत ही बातमी भवानी पेठेत जाईल. उद्या पाहुणे उतरतील. पाहुण्यांच्या बायका जेवताना एकमेकींच्या कानाला लागतील. एवढ्या हौसेने सजवलेल्या खोलीत गिरणीच्या साहेबाला बसवायचे आणि त्याच्यासमोर रिकामी चौकट! त्यांना आरशाचा राग येत होता. पण आरशावर रागावणारा माणूस हास्यास्पद दिसतो.

"शंकर," ते न वळता म्हणाले, "तुम्ही दोघं तूर्त भवानी पेठेतच राहा. वरची खोली तुमचीच आहे, ती कुठे जात नाही. पण मागाहून बघू."

"आणि गुरुवारी?"

"गुरुवारी तू ये. जगदेवीनं... अय्या जेवून गेले की यावं."



"दुधनीच्या सभेतलं भाषण तुमचंच होतं ना, अण्णा?" शंकरप्पाचा आवाज चढला नाही; तो उलट खाली गेला, आणि शाळेतली मुले त्या आवाजाला अधिक भीत. "आपल्या धर्मात बाई अपवित्र होत नाही, असं तुम्ही म्हणालात. माझ्या सासऱ्यांनी ते ऐकून मुलगी दिली. आता एक काच तडकली तर ती अपवित्र झाली?"

"मी तसं म्हणालो नाही."

"ती जेवणाऱ्यांच्या मागून यावी, एवढंच म्हणालात."

"मग तू कारण दाखव! शास्त्र शिकलास ना? दोनदा दाखवलंस, दोनदा खोटं ठरलं."

"हो, चुकलो. शास्त्रात दोनदा चुकता येतं. चौकट चुकली की चौकट बदलता येते. तुमची समजूत चुकली तर तुम्ही माणूस बदलणार?"

"भाओजी, मोटं मोटं बोलून काच जुळत न्हाई," बसम्मा म्हणाली. "गुरवारी अय्यांच्या पादपूजेत इपरीत काय झालं तर? माझ्या लेकीचं लगीन ठरायचं हाय ह्या घरातनं."

हे ती कांगावा म्हणून बोलत नव्हती. मुलगी मोठी झाली होती. आळंदच्या स्थळाकडून गुरुवारी दोघे-तिघे येणार होते. नवऱ्याने घर बांधले, धाकट्या दिराने पुस्तके वाचली, आणि काही बिघडले तर बोट दाखवले जाईल ते यजमानीण म्हणून आपल्याकडे, हे तिला पक्के ठाऊक होते. तिला ते बोट दुसरीकडे वळवायचे होते. वळवायला सर्वांत जवळची जागा जगदेवी होती.

शिवबाई, या दोघा भावांची आई, गोणपाटात गुंडाळलेल्या कोचाच्या अगदी टोकाला बसून होती. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि मांडीवर जपाची माळ. तिने बोलावे म्हणून तिघांनीही तिच्याकडे पाहिले.

"अव्वा, तू सांग," मल्लप्पा म्हणाले.

"म्या काय सांगू? तुमी शानी मानसं."

तिच्या मनात त्या क्षणी निराळीच गोष्ट होती. धाकट्या सुनेवर तिचा राग नव्हता; टांग्यात पाय अवघडले की तीच ते चेपून द्यायची. पण जास्त बोलायला गेले तर बोलण्यातून सोमवार निघेल, सोमवारातून देवघर निघेल, आणि मल्लप्पा विचारील की तू तिथे काय करतेस. ते तिला नको होते. म्हणून ती गप्प राहिली. त्या मौनाचा अर्थ प्रत्येकाने आपल्या सोयीने घेतला. बसम्माला ती संमती वाटली, शंकरप्पाला भ्याडपणा, आणि मल्लप्पांना आपला निर्णय योग्य असल्याची खूण.

जगदेवीला या साऱ्याचा संताप आला होता. पण तो डोळ्यांत पाणी आणणारा नव्हता. तीन महिने या खोलीचा तिने मनात विचार केला होता. कुठल्या खिडकीतून किती उजेड येतो, पडद्याचा रंग कापडाच्या तुकड्यावर निराळा आणि दांडीवर निराळा का दिसतो, संध्याकाळचा पश्चिमेचा उजेड पूर्वेच्या आरशावरून परतून कोचांपर्यंत कसा पोहोचेल, हे तिने कोच पाठवणाऱ्या मुंबईच्या कंपनीच्या माणसाला हाताने दाखवून समजावले होते. तेव्हा ते सर्वांना पसंत होते. त्याच खोलीत तिला आता मागच्या दाराने यायचे होते.

"मिस्त्री," ती म्हणाली, "त्यो आरसा काढा."

"अब क्या काढना, भाभी..."

"काढा म्हनते न्हवं?"

मिस्त्रींनी मल्लप्पांकडे पाहिले. त्यांनी खांदे उडवले. स्क्रू निघाले, दोन मजुरांनी काचेचे दोन तुकडे जपून बाहेर नेले, आणि भिंतीतली आरशाच्या आकाराची उथळ खोबण उघडी पडली. आरसा सागवानी पाट्यांच्या पातळीत बसावा, बाहेर येऊ नये, म्हणून मल्लप्पांनी ती मुद्दाम खोदून घेतली होती.

जगदेवीने खोबणीच्या मध्याला तळहात लावला. मग कडेला लावला. मग पुन्हा मध्याला.

"ऊन लागतीया," ती म्हणाली.

"काय?"

"भिंत. हितं ऊन हाय, हितं गार."

"सूर्य वर आलाय," मल्लप्पा म्हणाले.

"भाऊजी, ह्या भिंतीला सूर्य दिसत न्हाई. पल्याड खोली हाय."

शंकरप्पा दोन पावलांत तिथे पोहोचला. पौष जवळ आला होता. सकाळच्या त्या वेळी घरातला कोणताही चुना रांजणासारखा थंड होता. खोबणीच्या मध्याला, थाळीएवढ्या जागेत, चुना तापलेला होता. त्याने हात तसाच ठेवला आणि डोळे मिटले. त्या क्षणी त्याला आपल्या मागच्या दोन कारणांची लाज वाटली. चौकट पाहिली, स्क्रू पाहिले. भिंतीला मात्र एकदाही हात लावला नव्हता.

"पलीकडे कुठली खोली आहे?" त्याने विचारले.

त्याला ती ठाऊक नव्हती, यात नवल नव्हते. पूजेवर विश्वास नाही म्हणून तो देवघरात जात नसे, आणि त्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

"देव हाईत पल्याड," बसम्मा म्हणाली.

शिवबाई कोचावरून उठली. एरवी तिला उठायला हात द्यावा लागे. "तितं कुनी जायाचं न्हाई! अजून अय्यांचा पाय लागला न्हाई त्या खोलीला."

पण जगदेवी दिवाणखान्याच्या बाहेर पडली होती. बसम्मा तिच्याआधी पोहोचली आणि देवघराच्या उंबऱ्यावर तिने हात आडवा धरला; पहिल्या सणाला धरला होता तसाच.

"बेड, नगं जगदेवी. आत पाय टाकू नगंस. बरं व्हनार न्हाई."

"अक्का, मला ह्या घरातनं काडायचं कारन ह्या खोलीत हाय का न्हाई, ते बगू द्या. नसलं तर म्या भाईर जानारच हाय."

"अगं, पन..."

"हात काडा."

बसम्माने हात काढला नाही. जगदेवी त्याखालून वाकून आत गेली.

देवघरात संगमरवरी चौरंग होता, वर विजेचा बल्ब होता, आणि भिंतीत, दिवाणखान्याच्या बाजूला, जाळीचे एक लहान लाकडी दार होते. तिने ते उघडले. आतून भट्टीची हवा यावी तसा झोत तोंडावर आला. खोल कोनाड्यात पितळेची मोठी समई होती. पाच वाती. तेल तळाला लागले होते, तरी पाचही जळत होत्या. कोनाड्याची मागची बाजू काजळीने काळी झाली होती.

भिंतीच्या पलीकडून टकटक ऐकू आली. शंकरप्पा मिस्त्रींच्या पेचकसाने चुना ठोकत होता.

"ऐकू येतं का?" त्याचा आवाज आला, मध्ये भिंत नसावी इतका जवळून.

"येतंय," ती म्हणाली. "हितं दिवा हाय. मागं फरशीचा तुकडा हाय, त्यो तापलाय. भिंत न्हाईच मदी."

मल्लप्पा उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी कोनाडा पाहिला, मग आईकडे पाहिले.

"अव्वा, मी कोनाडा नको म्हटलं होतं."

"म्हून तर सांगितलं न्हाई," शिवबाई म्हणाली, आणि बोलायला लागल्यावर तिची भीती गेली. "देवाला बल्ब लावतो म्हनलास. काजळी नगं म्हनलास. मानसं ऱ्हायाला यायच्या आदी दिवा येतो नव्या घरात. माझ्या सासूनं तसंच केलं हुतं. आपल्या पेठेतला गवंडी आनला, त्याच्याकडनं करून घेतलं. समई बसंना, म्हून खोल खनाय लावलं. खनता खनता पहार आरपार गेली. त्यानं शहाबादी फरशीचा तुकडा लावला, तिकडनं गिलावा केला. सोमवारचा नेम धरला. सांजच्याला पाच वाती लावायच्या, जाळी लावायची, इझवायचं न्हाई. आपआपलं शांत हुईस्तवर जळू द्यायचं."

"आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं?" शंकरप्पा दिवाणखान्यातून आला होता, त्याच्या हाताला चुना लागलेला होता.

उत्तर बसम्माकडून आले, खाली बघून.

"तेल म्याच द्यायची."

"वैनी, म्हणजे सोमवारी रात्री या भिंतीत दिवा जळतो, हे तुम्हाला ठाऊक होतं? आणि तरी मघाशी दुधनीचा सोमवार काढलात?"

"दिव्यानं काच फुटती, हे मला काय ठाव? द्येवाचा दिवा त्यो!"

"खरं आहे. देवाच्या दिव्याचा संशय कुणाला येत नाही. सुनेचा येतो."

"शंकर, पुरे," मल्लप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "कारण सापडलं, बरं झालं. अव्वा, दिवा दुसरीकडे न्यायचा. बसम्मा, ती समई घे. जगदेवी, तू ये बाहेर. गुरुवारी या, तुम्ही दोघंही या. झालं गेलं विसरून जाऊ."

बसम्मा समईकडे हात पुढे करून उंबऱ्यात आली. जगदेवीने समई उचलली होती. पदराने धरलेली, पाचही वाती जळत असलेली. तिने ती दिली नाही आणि ती बाहेरही आली नाही.

"भाऊजी, मागनं या म्हनालात ते मिस्त्रींच्या म्होरं म्हनालात, अंगनातल्या मानसांनी ऐकलं. आता हेबी तसंच सांगा. गुरवारी म्या कुटं उबी ऱ्हानार?"

"म्हणजे... सगळ्यांबरोबर."

"कुटं?"

मल्लप्पांनी आईकडे पाहिले. शिवबाईची नजर समईवर होती. तेल संपत आले होते, आणि दिवा शांत होण्याआधी त्याला नवी जागा मिळायला हवी होती.

"आत," मल्लप्पा म्हणाले. मग, पुरेसे मोठ्याने नव्हते असे वाटून, पुन्हा म्हणाले, "देवघरात. आत. पुढे."

"ईशान्येला ठिव ती," शिवबाई सुनेला म्हणाली. "चौरंगाच्या उजव्या अंगाला. आन् तेल घाल, जरा दमानं."

बसम्माने तेलाचे भांडे उंबऱ्यावर ठेवले आणि ती मागे सरली. जगदेवीने ते आत घेतले.

दुपारी महबूब मिस्त्रींनी कोनाडा विटांनी बुजवला आणि चौथ्या आरशासाठी मुंबईला तार गेली. तो गुरुवारपर्यंत येणे शक्य नव्हते.

आरसा तडकण्याचे कारण पुढीलप्रमाणे होते. मल्लप्पांनी दिवाणखान्याच्या बाजूने भिंत खोदली आणि आईला सांगितले नाही. शिवबाईने देवघराच्या बाजूने तीच भिंत खोदली आणि मुलाला सांगितले नाही. मध्ये एक पातळ फरशी उरली. सोमवारी रात्री बंद कोनाड्यात पाच वाती जळत. फरशी तापे, तिच्यासमोरचा काचेचा मध्यभाग तापून प्रसरण पावे, आणि हिवाळ्यातल्या थंड कडा तशाच राहत. त्या ताणाने काच कडेपासून फाटे. कोनाडा ज्यांना ठाऊक होता, त्यांनी आरशाकडे कधी निरखून पाहिले नाही. आरशाकडे जी निरखून पाही, तिला देवघरात जाण्यास मनाई होती. ही मनाई नसती, तर पहिला आरसाच वाचला असता.